रिचमंड पार्कातल्या सायकली, स्पीडब्रेकर आणि आमच्या बाबांची छत्री

टेम्सकाठचा_पाटील

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय घरचा आहे, पण घरात सुटेना म्हणून इथे आणलाय.

मी लंडनच्या नैऋत्येला, किंग्स्टनला राहतो. शनिवार-रविवारी पहाटे रिचमंड पार्कात सायकल, हा आठ वर्षांचा नेम. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पार्क म्हणजे आपल्याकडची कारंजं-बाकडीवाली बाग नव्हे. अडीच हजार एकरांचं माळरान, जुनाट ओक, सहाशेच्या वर मोकळी हरणं आणि या सगळ्यातून फिरणारा डांबरी रस्ता. सायकलची एक फेरी पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास पडते. गाड्यांना ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किमीची मर्यादा आहे. त्यातून २०२० च्या ऑगस्टपासून पूर्वेकडच्या पट्ट्यात गाड्यांची आरपार वाहतूक बंद केलीय. तुम्ही गाडीने येऊन पार्किंगपर्यंत जाऊ शकता, पण या फाटकातून शिरून त्या फाटकातून ऑफिसला पळू शकत नाही.

यंदा आई-बाबा सांगलीहून आलेत. बाबा ७४ वर्षांचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. रोज सकाळी हातात छत्री घेऊन पार्कात. गेल्या रविवारी ब्रूमफील्ड हिलच्या उताराखाली रस्ता ओलांडत होते. गाडीचा आवाज नाही, म्हणून पाऊल टाकलं. सायकल आली ती आवाज न करताच. "अंगाला वारा लागला," म्हणाले. दचकून मागे सरले, छत्री हातातून सुटली. तो गडी पुढे जाऊन मागे न बघता काहीतरी ओरडला. बाबांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. मागून आलेल्या दुसऱ्याच्या चाकाखाली छत्री गेली. तो बिचारा थांबला, चारदा सॉरी म्हणाला, मोडकी छत्री उचलून हातात दिली.

घरी येऊन बाबांनी मला एकच विचारलं, "तू तिथनं किती स्पीडनं उतरतोस?"

मी मीटर काढून बघितलं. ५२.

प्रश्न दोन. एक, गाड्यांसाठीची मर्यादा पार्कात सायकलींनाही हवी का? दोन, उतारावर स्पीडब्रेकर घालावेत का? आमच्या फेरीतली मंडळी पहिल्याला "छे" म्हणतात आणि दुसऱ्याचं नाव काढलं की अंगावर येतात.

मावळतीची_सई

आधी सांगा, बाबा ठीक आहेत ना? बाकी चर्चा नंतर.

टेम्सकाठचा_पाटील

ठणठणीत. दुसऱ्या दिवशी परत गेले, आईची फुलाफुलांची छत्री घेऊन.

लायक्रा_लंबोदर

सायकलवाल्यांच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी बोलतो.

जरा गणित करा. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, वेग ताशी ५० किमी. गतिज ऊर्जा झाली सुमारे आठ हजार ज्यूल. दीड टनाची मोटार अगदी कायदा पाळून ३२ ने चालली तरी साठ हजार. म्हणजे सातपट. तरी सगळे डोळे वटारतात सायकलवाल्यावर, कारण तो घट्ट कपडे घालतो आणि सकाळी सहाला हसतमुख असतो. वृत्तपत्रात "भरधाव सायकलस्वार" येतं, "भरधाव मोटारमालक" कधी वाचलंय?

पार्कातल्या गाड्या कमी झाल्या त्या सायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून. आता त्यांनाच स्पीडब्रेकर? हे म्हणजे ज्याने दिंडी आणली त्यालाच पंगतीत शेवटी बसवायचं.

चिंचोळी_गल्ली

@लंबोदर, गणित बरोबर, पण ते गणित भिंतीसाठी. समोर ७० किलोचा म्हातारा माणूस असला की आठ हजार ज्यूलही पुरतात. तो पडतो तो कंबरेवर किंवा डोक्यावर, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी दुसरं गणित देते. ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद धरा, आणि ब्रेक चांगले धरतात असं धरा. ताशी २० ने जाणारी सायकल नऊ मीटरमध्ये थांबते. ३२ ने जाणारी सतरा मीटरमध्ये. ५० ने जाणारी तेहेतीस, आणि तेही सपाटीवर. उतारावर, पहाटेच्या दवात किती ते पाटलांनी सांगावं.

टेम्सकाठचा_पाटील

न सांगितलेलं बरं. पुढचे ब्रेक दाबले की मागचं चाक नाचायला लागतं. दोनदा अनुभव आहे.

गावठी_गिअर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडी_क्रशर

मी रस्त्याच्या कामात आहे (नाशिक), म्हणून दोन शब्द.

स्पीडब्रेकर म्हणजे काय याचं आपल्याकडे लिखित मानक आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९. गोलाकार उंचवटा असेल तर त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर. एवढा पसरट असला की गाडी ताशी २५ ने अलगद ओलांडते. प्रत्यक्षात काय होतं? अपघात झाला की संध्याकाळी गावातली पोरं जमतात, उरलेलं डांबर मिळतं, रातोरात दीड फुटाचा उंट उभा राहतो. पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. मग मोटारसायकलवरची मागची बाई उडते. म्हणजे एक अपघात टाळायला दुसरा.

सायकलचं वेगळं आहे. सायकलला स्प्रिंग नसतं, टायर बोटभर रुंद. आखूड उंचवट्यावर पुढचं चाक हवेत जातं आणि हात सुटतो. म्हणून जिथे सायकली जास्त तिथे चढ-उतार साइन वेव्हसारखा हळूहळू येणारा उंचवटा करतात, सुरुवातीला ठेच लागत नाही. लंडनमध्ये चौकोनी उश्यांसारखेही असतात ना? बसची आणि बंबाची चाकं दोन्ही बाजूंनी जातात, मोटारीचं चाक चढतं, सायकल मधल्या फटीतून निघून जाते. पण तिथेच मेख आहे. सायकल फटीतून निघून जाणार असेल तर तुमच्या उतारावर त्याचा उपयोग शून्य.

टेम्सकाठचा_पाटील

@खडी_क्रशर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "सतरा मीटर त्रिज्या" म्हणताच पुढचं "तीन पूर्णांक सात, दहा सेंटीमीटर" ते स्वतःच म्हणाले. आरतीसारखं पाठ आहे. मग विचारलं, "हे कोण गृहस्थ? कुठल्या डिव्हिजनचे?"

खडी_क्रशर

त्यांना सांगा, डिव्हिजनच्या बाहेरचा. ठेकेदार. फाइल घेऊन उन्हात उभा राहणारा. 😀

ब्रुकलिनचा_बंडू

आमच्याकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात हे सगळं होऊन गेलंय. २७ जून २०१८ पासून पार्कातल्या फेरीच्या रस्त्यावर मोटारी पूर्ण बंद. लोकांना वाटलं आता सुटलो. सुटलो नाही. मोटारी असताना लोक रस्ता ओलांडताना बघायचे. मोटारी गेल्यावर रस्ता म्हणजे अंगण वाटायला लागला. पोरं, कुत्री, फोटो काढणारे पर्यटक, मध्येच उभं राहून आइस्क्रीम खाणारे. आणि त्यातून ताशी ३५-४० ने जाणाऱ्या सायकली. त्याआधी, २०१४ मध्ये सायकलच्या धडकेने पायी चालणारे मरण पावल्यावर पार्कातली मर्यादा २५ मैलांवरून २० वर आणली होती, आणि ती सायकलींनाही लागू आहे. पोलिस पावत्या फाडतात. रस्त्यावर माणसं ओलांडतात तिथे सिग्नलही होते. ते सायकलवाले किती पाळायचे हे विचारू नका.

पण एक गोष्ट मला फार आवडते. पार्क आखला १८५८ मध्ये, तेव्हा मोटारी नव्हत्याच. तरी ज्यांनी आखला त्यांनी शहराची आरपार वाहतूक चार रस्त्यांवर जमिनीच्या खाली खोल घातली. घोडागाड्या खालून जाव्यात आणि वर फिरणाऱ्याला त्या दिसूही नयेत, हा विचार. आज त्याच चार खंदकांतून मोटारी आणि बस जातात. स्पीडब्रेकरपेक्षा हा उपाय शंभर पटीने बरा.

पाटीबहाद्दर

आमच्या पुण्यातल्या बागेत हा प्रश्नच येत नाही. फाटकावर पाटी: बागेत सायकल चालवू नये. त्याखाली: सायकल हातात धरूनही आणू नये. त्याखाली: सायकल येथे लावू नये. त्याखाली: धावू नये.

चालण्याविषयी अजून मौन आहे, तेवढ्यात फिरून घ्या.

मावळतीची_सई

😂 आणि बसण्याबद्दल "बाकावर जास्त वेळ बसू नये".

सॅनफ्रॅनची_सुमन

थोडं विरुद्ध मत. रागावू नका.

आमच्या गोल्डन गेट पार्कात कोविडच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, मुख्य रस्ता मोटारींना बंद केला. नंतर शहराने तो कायमचा बंद ठरवला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदान होऊन त्यावर लोकांनीच शिक्का मारला. मी स्वतः त्या बाजूने मत दिलं. माझी आई व्हीलचेअरवर असते. आधी म्युझियमच्या दारात गाडी लावून आईला उतरवायचे. आता पार्कात फुकटची शटल आहे, ती चांगली आहे, पण पावसात आईची खुर्ची, ब्लँकेट, औषधांची पिशवी घेऊन तिची वाट बघणं एकदा करून बघा. त्या दिवशी आई म्हणाली, "सुमे, तू मला मत द्यायला हवं होतंस."

म्हणून "गाड्या बंद करा" म्हणताना जरा थांबून विचार करा एवढंच. पाटलांच्या पार्कात पार्किंगपर्यंत गाडी जाऊ देतात, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आत यायला मुभा, आरपार जायला नाही.

लायक्रा_लंबोदर

@सुमन, हे पटलं. माझ्या डोक्यात ही बाजू आली नव्हती, मान्य करतो. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, मी वर्षातून एकदा मान्य करतो.)

लेस्टरची_वकीलीण

कायद्याचं सांगते, कारण त्यावर गैरसमज फार.

इंग्लंडमधली वेगमर्यादा यांत्रिक वाहनांना असते, सायकलला नाही. म्हणून ३२ च्या रस्त्यावर ५२ ने सायकल चालवली तर वेगाचा गुन्हा होत नाही. निष्काळजी आणि धोकादायक सायकल चालवणं मात्र गुन्हा आहे, दंड अनुक्रमे हजार आणि अडीच हजार पौंडांपर्यंत. आणि कुणाला इजा झाली तर १८६१ च्या कायद्यातलं एक कलम काढतात. ते बेफाम हाकण्याबद्दलचं आहे, घोडागाड्यांच्या काळातलं. सायकल तेव्हा जेमतेम जन्माला येत होती.

२०२२ मध्ये लंडनच्याच रीजंट्स पार्कात कसरतीच्या फेऱ्या मारणाऱ्या सायकलच्या गटाची धडक बसून एक वृद्ध बाई मरण पावल्या. गट २० मैलांच्या वर होता. खटला झाला नाही. दोन वर्षांनी मृत्यूच्या चौकशीत हे बाहेर आलं तेव्हा देशभर वादंग झाला. तेव्हापासून पार्क आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की इथली माणसं दोन तट करून बसतात.

गावठी_गिअर

म्हणजे घोड्यावरून ५२ ने गेलं तर?

लेस्टरची_वकीलीण

कलम तयारच आहे. फी वेगळी.

बोरिवलीची_बिबळी

आमच्या नॅशनल पार्कात या तुम्ही सगळे. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चढ आहे, येताना उतार. उतारावर पोरं सायकली सोडतात. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः एका वळणावर माकडांच्या टोळीत घुसले. माकडं हलली नाहीत, मी कुंपणात. गुडघ्याला अजून खूण आहे. आणि संध्याकाळी उशीर झाला की बिबट्याच्या विचाराने आपोआप माणूस फाटकाकडे वळतो. याहून स्वस्त वाहतूक नियंत्रण जगात नाही, ना डांबर ना टेंडर.

चिंचोळी_गल्ली

उशिरा वळलं की वेग कमी होतो की वाढतो?

बोरिवलीची_बिबळी

😅 वाढतो. पॉइंट गेला.

जुनी_वही

अवांतर आहे, पण याच पार्काबद्दल आहे म्हणून लिहितो.

"पार्कातला रस्ता कुणाचा" ही भांडणं तिथे नवी नाहीत. चार्ल्स पहिल्याने १६३७ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी भिंत घालून हे रान कोंडलं. आत लोकांच्या पायवाटा होत्या, त्या राहू दिल्या. पुढे शंभरेक वर्षांनी राजकन्या अमेलियाच्या हातात पार्क आलं आणि तिने आम लोकांना फाटकं बंद केली. जॉन लुईस नावाचा रिचमंडचा बिअर बनवणारा अडून बसला, कोर्टात गेला आणि १७५८ मध्ये जिंकला. पायी जायचा हक्क मिळाला. न्यायाधीशांनी विचारलं, दार हवं की भिंतीवर शिड्या? त्याने शिड्या मागितल्या, कारण दाराला कुलूप घालता येतं. मग शिड्या लावल्या त्या अशा, की पायऱ्यांमध्ये हातभर अंतर. म्हाताऱ्यांना आणि पोरांना चढताच येईना. लुईस पुन्हा कोर्टात. न्यायाधीशांनी सांगितलं, म्हाताऱ्या माणसालाही चढता येईल अशा करा.

पाटलांच्या बाबांना ही गोष्ट सांगा.

टेम्सकाठचा_पाटील

सांगितली. दोनदा ऐकली. "दोन पायऱ्यांतलं अंतर सहा-सात इंचावर जाता कामा नये, तिथंच मोजून दिलं असतं मी," एवढीच प्रतिक्रिया.

नळदुर्गचा_नवरा

सगळं वाचलं. मला एवढंच कळलं की श्रीमंत देशातल्या लोकांना हरणं बघत सायकल चालवताना दुःख असतं. आमच्याकडे सायकलसाठी रंगवलेल्या पट्ट्यावर मोटारी, टपऱ्या आणि एक विजेचा खांब आहे. खांबाला वळसा घालून पुढे गेलं की पट्टा संपतो आणि "सायकल मार्ग समाप्त" असा फलक आहे. सुरुवातीचा फलक कुणी बघितला असेल तर कळवा.

लायक्रा_लंबोदर

तुमच्यासारख्या नकारात्मक लोकांमुळेच तर सायकल मागे पडली. चार पैसे आले की फटफटी घेतली आणि आता खांबाला दोष.

नळदुर्गचा_नवरा

काका, मी रोज अकरा किलोमीटर सायकलने कामावर जातो. लायक्रा नाही, लुंगी पण नाही, पँटला चिमटा. बोलताना जरा जपून.

संपादक_मंडळ

वैयक्तिक शेरे नकोत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

लायक्रा_लंबोदर

क्षमस्व, नवरेसाहेब. सकाळपासून गुडघा दुखतोय, त्याचा राग इथे निघाला. अकरा किलोमीटर रोज म्हणजे माझ्यापेक्षा जास्त.

खडी_क्रशर

मूळ प्रश्नाकडे. पाटील, ती ओलांडायची जागा उताराच्या नेमकी कुठे आहे? वर, मधे की तळाला?

टेम्सकाठचा_पाटील

उशिरा उत्तर देतोय, कारण काल बाबांना घेऊन तिथे गेलो होतो. तेच म्हणाले, "जागेवर जाऊन बोलू." पहाटे सहा वाजता, अजून धुकं, पलीकडे चाळीसेक हरणं चरतायत. बाबांनी पावलं टाकत मोजायला सुरुवात केली. मी मोबाईलवर टिपून घेत होतो. मधेच सायकली येत होत्या आणि बाबा प्रत्येकाला हात करून थांबवतील अशी मला भीती. दोघांना केलाच. एक जण खरंच थांबला, पार्काचा माणूस समजून.

तर खडी_क्रशर, तुमचं उत्तर. लोक ओलांडतात तिथे उतार संपतो, म्हणजे नेमका जिथे सायकलचा वेग सर्वात जास्त. त्यातून झाडाच्या बुंध्यामुळे वरून येणारा शेवटच्या तीसेक पावलांत दिसतो. चिंचोळी_गल्ली यांनी दिलेले तेहेतीस मीटर मी बाबांना सांगितले. त्यांनी नुसती मान हलवली.

बाबांचं म्हणणं असं. स्पीडब्रेकर इथे नकोच. उताराच्या तळाला उंचवटा म्हणजे पोरं उडवायची सोय. माणसांची वाट तीनशे पावलं पुढे न्या, जिथे पुढचा चढ लागतो. तिथे सायकलवाला आपसूक मंदावतो, दम लागलेला असतो, माणसाकडे बघतोही. आणि इथल्या गवतातली वाट कापून नवीन वाटेला लावा, म्हणजे कुणी चुकून इथून ओलांडणार नाही. "रस्त्याला सांगून तो ऐकत नाही. पायवाट हलवली की माणसं आपोआप हलतात. मिरजेला केलंय आम्ही."

मी विचारलं, आणि हरणं? ती इथूनच ओलांडतात.

म्हणाले, "हरणांनी सांगितलंय का तुला ५२ नं जा म्हणून?"

काल त्या उतारावरून मी ब्रेक धरून ३० ने उतरलो. मागून दोघांनी ओरडून रस्ता मागितला, तिसऱ्याने उजवीकडून जाताना काहीतरी पुटपुटलं. आता सूर मलाही कळतो.

पार्काच्या लोकांना मेल करतोय, बाबांचं पावलांचं माप मीटरमध्ये करून. बघू काय म्हणतात.

मावळतीची_सई

बाबांना आमचा नमस्कार. आणि छत्रीचं काय झालं?

टेम्सकाठचा_पाटील

नवी आणतो म्हटलं, नको म्हणाले. मोडलेल्या काडीच्या जागी माझ्या जुन्या चाकाचा आरा कापून बसवलाय. उघडते, मिटते. एका बाजूला जरा तिरकी दिसते.

गावठी_गिअर

आरा किती एमएमचा? माझ्याही छत्रीची गेलीय.

टेम्सकाठचा_पाटील

दोनचा. टोकाचे आटे कापून टाका, नाहीतर कापड फाटतं.